तिसऱ्या लेण्यातला सौदा

आधीच सांगून टाकतो — या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडते... गाडी बंद पडली तर आधी डिझेल फिल्टर बघावा, असं माझं मत. मी जळगावला जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. वरणगावकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं यार्ड आहे. चार पत्र्यांच्या शेडपासून सुरुवात केली, कुणाकडून काही मिळालं नाही. समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला काय पाहिजे ते मला कळतं. हे यासाठी सांगतोय की पुढचं वाचून ‘याला भास झाला असेल’ असं कुणी म्हणू नये. म्हणायचंच असेल तर यार्डावर येऊन तोंडावर म्हणा.

ट्रॅक्टरच्या आधी मी गुरांच्या बाजारात होतो. मी व्यापारी, आणि माझा मोठा भाऊ दलाल. त्याला सगळे आबा म्हणतात, तो दोंडाईच्याला राहतो. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. पूर्ण पंजा म्हणजे पाच, सात म्हणायचं तर पंजा आणि वर दोन बोटं. करंगळीवर नख रुतवलं तर अर्धा. आणि आमच्या बाजारात समोरच्याचा अंगठा दाबला की सौदा झाला. मग फिरायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका पांढऱ्या माळवी बैलजोडीचा सौदा आबाने एका शेतकऱ्याच्या वतीने माझ्याशी केला. माझ्या म्हणण्याप्रमाणे तो झालाच नव्हता, मी हात काढून घेतला आणि जोडी दुसऱ्याला दिली. आबाच्या म्हणण्याप्रमाणे मी अंगठा दाबला होता. भर बाजारात तो ओरडला, “यानी हात दिन्हा आनि फिरी गया!” सख्ख्या भावाला, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर! मीही ऐकून घेणारा नाही. दलाली हुकली म्हणून खोटं बोलतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. रुमालाखाली साक्षीदार नसतो. लोकांनी माझं खरं मानलं, कारण मी जास्त मोठ्याने बोललो. त्या शेतकऱ्याने आबाला सोडलं, मग एकेक करून बाकीच्यांनी. वर्षभरात आबाचं बाजारात जाणं बंद झालं.

आणि तरी अपमान झाला तो माझाच, हे मी आठ वर्षं धरून बसलो होतो.

आबाची मुलगी कल्याणी पुण्याला कंपनीत आहे. बापाला न सांगता ती मला फोन करायची. या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. महिना राहिला होता. मी लग्नात यावं म्हणून तिने दोन्हीकडे डोकं फोडून पाहिलं. आबा म्हणे, त्याने चूक कबूल करावी. मी म्हणे, आबाने माफी मागावी. मग एके दिवशी ती थेट माझ्या यार्डावर आली, पाठीवर सॅक, पायात बूट.

“काका, उद्या ट्रेकला चला.”

“कशाला?”

“जिओकॅशिंग. कुणीतरी डोंगरात डबा लपवतं आणि त्याची जागा फोनवरच्या नकाशात टाकतं. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं. डब्यातली वस्तू घेतली तर बरोबरीची दुसरी ठेवायची.”

“बरोबरीची? बरोबरी ठरवणार कोण?”

“तुम्हाला तेवढंच ऐकू आलं ना?” ती हसली. “ऐका. सौदा करते तुमच्याशी. डबा तुम्हाला आधी सापडला तर मी लग्नाचा विषय परत काढणार नाही. अक्षता टाकायला या म्हणूनही म्हणणार नाही. मला सापडला तर तुम्ही आबांच्या दारात यायचं.”

पोरगी हुशार आहे. मी सौद्याला नाही म्हणत नाही, हे तिला माहीत. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा विषय संपेल. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जळगाव सोडलं. नेरी, मग पहूर. पहूरच्या पुढे अजिंठ्याच्या रांगेकडे एक फाटा फुटतो, त्या रस्त्याने शेवटचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, उद्या तिथे जत्रा भरेल. मारुतीच्या देवळापाशी गाडी लावली. पारावर एक अक्का बोरं घेऊन बसली होती. मी भाव कमी करून मागितला, तर म्हणाली, “भाऊ, बोरं मी काट्यातून काढली, तू भाव बसल्या बसल्या काढतोय.” कल्याणीला हसू आवरेना. पैसे पूर्ण दिले. जाताना अक्का म्हणाली, “वर बोलू नका. आग्या मोहोळ आहे. आवाज झाला की उठतं.”

चढ सोपा नव्हता. पहिला तास कोरड्या नाल्यातून, पुरुषभर उंच दगडांवरून. पुढे सुटी मुरमाड घसरण, एक पाऊल वर आणि अर्धं खाली. मग सरळ कातळाचा टप्पा, त्यात कुणीतरी पूर्वी खोदलेल्या खोबण्या. खोबणीत पाऊल बसायचं ते निम्मंच. मी छप्पन्न वर्षांचा आहे, पण पोरीच्या पुढे होतो. कातळ चढून आडव्या वाटेला लागलो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, आणि भिंतीला ती काळी मोहोळं लोंबत होती, सुपाएवढी. दोघंही तोंड मिटून चाललो. पुढे एक मोठी पिंपरण होती. तिच्या मुळ्यांचा पडदा बाजूला केला आणि लेणी दिसली. खालून कुणाला शंकाही येणार नाही. तीन बुटकी दारं आणि कडेला पाण्याचं टाकं.

फोनचा बाण तिथे गोल गोल फिरायला लागला. पण खाली गाडीत कल्याणीने खूण वाचून दाखवली होती, ती मला पाठ होती — तिसरं दालन, डावी भिंत, गुडघ्याच्या उंचीला कोनाडा, कोनाड्याच्या आत भोक. ती टाक्यापाशी बुटातला खडा काढत बसली. मी संधी सोडली नाही. सरळ तिसऱ्या लेण्यात शिरलो.

सकाळचे साधारण अकरा. दारातून उजेड येत होता, कोनाडा स्पष्ट दिसला. आत विंचू-बिंचू असेल म्हणून गळ्यातला बागायती रुमाल काढून हातावर टाकला आणि हात भोकात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. डबा लागेना. मी भिंतीला गाल टेकवला आणि खांद्यापर्यंत हात घातला.

आतून कुणीतरी माझी चार बोटं धरली.

मी ओरडलो नाही. धीट आहे म्हणून नव्हे. तीस वर्षांची सवय... रुमालाखाली कुणी बोटं धरली की माझं डोकं जागं व्हायच्या आत माझा हात बोलायला लागतो. हात मोठा होता, कोरडा, गरम. तळव्याला दोरखंड ओढून पडतात तसे घट्टे. त्याने चार म्हटलं. मी काय केलं असेल? मी सात म्हटलं. पंजा, मग दोन बोटं.

तो पाचावर आला. मी सातावरच.

चार, सात, पाच, परत सात... हा सौदा मी आधी केला होता. पांढऱ्या जोडीचा. हे आकडे दोनच माणसांना ठाऊक. त्यातला एक मी आणि दुसरा दोंडाईच्यात. आता काय येणार ते मला कळलं, आणि तेच आलं. पंजा धरला, मग करंगळीवर नख. साडेपाच.

हात तसाच थांबला. वाट बघत.

मी पूर्ण शुद्धीवर होतो. बाहेर कल्याणी बूट आपटत होती, ते ऐकू येत होतं. मी हात मागे घेणार होतो, ठरवलंही होतं. आणि मी ठरवेपर्यंत माझ्या अंगठ्याने समोरचा अंगठा दाबला. मी दाबला नाही... माझ्या अंगठ्याने दाबला. भाव मनात बसला की तो दाबतो, मला विचारत नाही. आणि त्याच क्षणी मला त्या दिवसाचं सगळं आठवलं. असाच दाबला होता. मग पाठीमागून दुसऱ्या गिऱ्हाइकाने “थांबा शेठ, जास्त देतो” म्हटलं होतं आणि मी रुमालाखालून हात ओढला होता. ‘दाबलाच नाही’ असं इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

आतल्या हाताने माझा हात सोडला. ढकलला नाही, ओढला नाही. सौदा झाल्यावर सोडतात तसा सोडला.

मी हात बाहेर काढला तेव्हा कल्याणी दारात उभी होती.

“सापडला?” ती दबक्या आवाजात म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

“तू बघ,” मी म्हटलं.

तिने टॉर्च लावून हात घातला. कोपरापर्यंतच गेला. हिरवा प्लास्टिकचा डबा घेऊन बाहेर आला. तिने टॉर्च आत मारला, वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“काका, आत तर एवढीच जागा आहे. मागे सलग दगड आहे. तुमची बाही खांद्यापर्यंत पांढरी कशी झाली?”

माझी निळी बाही खांद्याच्या शिवणीपर्यंत पांढऱ्या भुकटीने माखली होती. तिने फोटो काढला, तो अजून तिच्या फोनमध्ये आहे.

“तुम्ही आधी पोचलात,” ती म्हणाली. “मी खोटं बोलणार नाही. सौदा तुम्ही जिंकलात.”

“पोचलो. पण डबा तुला सापडला. वहीत तुझंच नाव लिही.”

मग काही न विचारता तिने नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्यावरून दोंडाईच्याला गेलो. आबा ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“कसाले उना?”

“मी अंगठा दाबेल व्हता,” मी म्हटलं.

“माले माहीत शे.” त्याने आणखी एक मिरची उचलली. “तुले कव्हय समजनं?”

“काल,” म्हणत मी बसलो आणि सगळं सांगितलं, लेण्यासकट. तो हसला नाही. वहिनीने आणलेला चहा त्याने संपवला. शेवटी म्हणाला, “लगनमा ये. पन पहिले बजारमा सांग. बठ्ठास्ना समोर.”

मला राग आला. सगळ्यांसमोर? घरात येऊन कबूल केलं, ते पुरे नाही? मी उठलोसुद्धा. पण माझी खोटी गोष्ट मी बाजारातच विकली होती, परत तिथेच घ्यायला लागणार हे कळत होतं. पुढच्या बाजाराला आबाला गाडीत घालून घेऊन गेलो. दावणीपाशी जुने दलाल, व्यापारी जमा झाले. मी सांगितलं — त्या दिवशी आबा खरं बोलत होता, खोटा मी होतो. ट्रॅक्टरच्या लिलावात बोलतो तेवढ्या आवाजात सांगितलं.

मग एक म्हातारा दलाल, त्याला आम्ही नाना म्हणतो, म्हणाला, “आठ वरीस? अंगठा काय बैलगाडीमा बशीसन उना का रे?”

सगळा बाजार हसला. मला ते गिळावं लागलं. तरी ती जोडी सातचीच होती, साडेपाच हा तिचा भाव नव्हताच, हे मी आजही म्हणतो. पण अंगठा दाबला होता. लग्नात अंतरपाट धरायला मी होतो.

नंतर मी गवंडी आणि टेप घेऊन त्या लेण्यात पुन्हा गेलो. भोक दीड फुटाला दोन बोटं कमी. माझा हात सव्वादोन फूट. मागे फट नाही, बीळ नाही. गवंड्याने हातोडी मारून पाहिली, भरीव दगडाचा आवाज. कुणी म्हणेल स्नायूचा झटका. झटका साडेपाच म्हणत नाही. कुणी म्हणेल मनाचा खेळ. मग बाहीवरची भुकटी कुठून आली? मी प्रत्येक कारणाला भाव लावून पाहिला आहे, एकही खरं उतरत नाही.

बाजारातून परतताना गाडीत आबाने एकदाच विचारलं होतं, “तो हात कोना व्हता?”

“माहीत नाही.”

“मना सारखा?”

“नाही. तुझा हात मी आंधळा झालो तरी ओळखेन. त्याच्यापेक्षा मोठा होता.”

आबाने स्वतःचा पंजा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “मंग आपला बापना बी नही. त्याना हात मनापेक्षा ल्हाना व्हता.”

तेवढंच आमच्या दोघांच्या हाती लागलं. बाकी काही नाही.