बाबांच्या बोलण्याचा पासवर्ड

माझं तोंड सकाळी उठल्यापासून जे सुरू होतं ते झोपेपर्यंत. भाजी चिरताना, केर काढताना, कुणी ऐको न ऐको. बाबा कामावरून दमून आले की म्हणायचे, "गप रव गो जरा!" गाव सोडून जन्म विक्रोळीत गेला, पण वैतागले की मालवणीच.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ वळेनाशी झाली. डोकं शाबूत आहे, मान हलवून हो-नाही सांगतात, पण शब्द म्हणून एक बाहेर पडत नाही. डाव्या हाताने लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नाही. मोबाइलवर बोट टेकवलं की एकदम तीन अक्षरं उमटतात.

तेव्हा मी माळ्यावरून माझा कॉलेजातला लॅपटॉप काढला. वहीएवढा. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताच्या एका बोटाने बाबा परत बोलायला लागले. पहिली मागणी काय, तर सुकट! डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, आणि ह्यांना सुकट.

पण लॅपटॉप पडला म्हातारा. एक कळ दाबायची आणि अक्षर उमटायची वाट बघत बसायचं. बाबा चिडून कळा बडवायचे. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "विंडोज काढून लिनक्स टाक ना त्याच्यावर. जुनी मशीन झकास पळते. घाबरतेस काय!" पेनड्राइव्हही तिनेच तयार करून दिला. तिच्या बापाचं बोलणं त्यात थोडंच अडकलं होतं!

सुट्टीच्या दिवशी आई मावशीकडे मुलुंडला गेली, तेव्हा मी दुपारची बसले. पेनड्राइव्ह लावल्यावर मशीन एकेक विचारायला लागली. की-बोर्ड कुठला? मराठी, आणखी कुठला! नाव काय? स्टिकर बघून 'बाबा' लिहिलं. पासवर्ड? आमच्या गावाचं नाव टाकलं, तिथे नुसते ठिपके उमटले. मग विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? जुनं पुसलं आणि नवं चाललंच नाही तर?

"बाबा, करू ना?"

बाबांनी मान हलवली. मी बटण दाबलं.

पट्टी पुढे सरकत होती तोवर माझी बडबड चालूच होती. शेजारचं भांडण, पाण्याची वेळ, सगळं. मशीन बंद होऊन परत सुरू झाली, पासवर्ड मागितला. मी गावाचं नाव टाकलं. चूक. परत टाकलं. चूक. एकेक स्टिकर बघून, बोट दाबून टाकलं. चूक! मैत्रिणीला फोन लावला, तो बंद. अगं बाई, वाट लागली! जुनं गेलं, नवं उघडेना. माणसाला बोलायला एवढी एक जागा उरली होती आणि मी तिला माझ्या हाताने कुलूप घातलं. मी त्या पडद्याकडे बघत बसले.

तेवढ्यात बाबा पलंगाच्या लोखंडी दांड्यावर हात ठोकायला लागले.

"काय झालं बाबा? पाणी देऊ?" नाही. "बाथरूमला जायचंय?" नाही. "छातीत दुखतंय का?" तेही नाही. हात थांबला. मी परत पडद्याकडे वळले, तर परत ठण ठण ठण, आधीपेक्षा जोरात. डोळे मोठे झालेले, कपाळावर घाम. मी जाऊन विचारलं, पंखा वाढवला, पाठीमागे उशी सारली. थांबले. मी लॅपटॉपशी बसले की परत सुरू.

झटका आला त्या दिवशीही ते असेच बेचैन झाले होते, आणि पित्त असेल म्हणून आम्ही कोकम सरबत पाजलं होतं. आता परत तेच असलं तर? कुठे दुखतंय हे ते सांगणार कशावर? रिक्षा करून घाटकोपरच्या हॉस्पिटलात न्यावं, तर दोन जिने एकटी उतरवू कशी? शेजाऱ्यांना हाक मारायला मी उठले.

उठता उठता पडद्याच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे बारीक इंग्रजी अक्षरं होती, 'en'. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पासवर्ड मी मराठीत दिला होता आणि इथे दारात इंग्रजी की-बोर्ड बसला होता! तेव्हाही ठिपके, आताही ठिपके; कळणार कसं? मी त्या अक्षरांवर बाण नेऊन मराठी केलं. गावाचं नाव टाकलं. उघडलं, देवा, उघडलं!

लिहायची खिडकी उघडून लॅपटॉप बाबांच्या मांडीवर ठेवला. "लिहा बाबा. कुठे दुखतंय ते लिहा." बाबांनी बोट पुढे केलं. आता कळ दाबली की अक्षर लगेच उमटत होतं.

"गप कित्याक झालंस? मी भियालंय."

मी दोनदा वाचलं. गप्प का झालीस, मी घाबरलोय, असं म्हणत होते. मी विचारत होते तेव्हा हात थांबत होता, मी गप्प बसले की ठोकणं सुरू होत होतं. एवढा वेळ ते माझ्या समोर चाललं होतं.

मालवणी मला धड येत नाही. तरी त्यांचा हात धरून म्हटलं, "मी पण, बाबा. मी पण भियालंय."