सडणार आहे का?

२० ऑगस्ट २००६. रविवार. सकाळी गॅलरीत गोणपाट अंथरून कांदे निवडत होते. उन्हाळ्यात कांदा भरून ठेवायचा आणि श्रावणात तो एकदा हाताखालून घालायचा, हे आमच्याकडचं माझं काम. कोंब आलेले एका बाजूला, मऊ लागलेले दुसऱ्या बाजूला. एक सडका राहून गेला तर त्याच्या आजूबाजूचे सगळे जातात. हे काम मला निकम मावशींनी शिकवलं, आणि ते करत असतानाच त्यांच्या मुलाचा, ज्ञानेश्वरचा, देवळ्याहून फोन आला. मावशींना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. आता धोका नाही, बोलतात, थोडं जेवतात. "घाई नाही ताई. गणपती होऊन जाऊ द्या, मग सवडीनं या." मी बरं म्हटलं आणि पुन्हा कांद्यांपाशी येऊन बसले.

निकम काका एसटीत कंडक्टर होते. सिडकोत त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात एक विक्रेता व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारात आला. आमच्या सतरंजीतली धूळ त्याने मलाच काढून दाखवली. मला लाज वाटली. सूट फक्त आजच्या दिवस, असं तो म्हणाला तेव्हा मी पर्स आणायला वळले. शेजारच्या ओट्यावर एक ठेंगणी बाई तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिने त्याला विचारलं, "दादा, उद्या सडंल का ते?"

तो म्हणाला, "मशीन आहे हो, सडेल कसं?"

"मग उद्या ये."

तो उद्या आला नाही. मला अर्धा तास तिचा राग आला. मग घरात शिरले, दोन खोल्यांकडे आणि कोपऱ्यातल्या केरसुणीकडे पाहिलं आणि तिच्याकडे विरजण मागायला गेले.

हा प्रश्न मावशी सगळ्यांना विचारायच्या. सेलमधली साडी, हप्त्यावरचा टीव्ही, लकी ड्रॉचं कार्ड, सगळ्याला एकच माप. पुढे कॉलनीतल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या. त्यांचे वडील देवळ्याकडचे कांदावाले. एका वर्षी भाव चढेल म्हणून त्यांनी कांदा साठवणीच्या चाळीत थांबवला, तो पावसाने गेला. पुढच्या वर्षी चांगले पैसे आले, ते घेऊन बाजारातून घरी येईपर्यंत त्यांनी एक जुना ट्रॅक्टर घेतला. त्यात पुढे कोंबड्या बसायच्या. मावशी सांगायच्या, "आमच्या बापानं उलटं केलं. कांदा थांबत नाय, त्याला थांबवलं. पैसा थांबतो, त्याला नाय थांबवलं."

याचा अर्थ त्या चिकट होत्या असा नाही. संध्याकाळी भाजीवालीच्या पाटीत मेथीच्या चार जुड्या उरल्या की आम्ही सगळ्या पाडून मागायचो. तीच तर वेळ असते. मावशी मात्र त्या वेळी बोलेल तो भाव द्यायच्या. मी एकदा टोकलं. त्या म्हणाल्या, "तिचं सडतंय. आपलं काय सडतंय?" त्यानंतर माझी घासाघीस सकाळपुरती राहिली.

त्यांचा प्रश्न खरा आमच्या उपयोगी पडला तो १९९९ साली. सातपूरच्या कारखान्याने माझ्या नवऱ्याला, सुधाकरला, स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा म्हणायचं इतकंच. एकरकमी पैसे हातात आले आणि पुढचा पगार बंद झाला. माझ्या शाळेतल्या कारकुनीवर घर चाललं असतं, मुलीचं शिक्षण आणि आजारपण चाललं नसतं. त्या पैशाशिवाय आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

सुधाकरचा मामेभाऊ प्रकाश सागाच्या झाडांची योजना घेऊन आला. आज पैसे भरा, कंपनी झाडं लावेल, मुलीच्या लग्नापर्यंत ती सोन्याची होतील. शनिवारनंतर भाव वाढणार. प्रकाश खोटं बोलत नव्हता, त्याचा स्वतःचा पैसा त्यात होता. रिकामं बसून सुधाकर कावला होता. त्याने चेकबुक काढलं, पेन उघडलं. मावशी ताकाचं भांडं परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातच टेकल्या.

"भाऊ, साग सडतो का?"

प्रकाश हसला. "मावशी, साग शंभर वर्षं सडत नाही. म्हणून तर घ्यायचा."

"मग आजच घाई काय शे? दिवाळीनंतर घेऊ." मावशींच्या तोंडी अहिराणी आली की विषय त्यांच्यापुरता संपलेला असायचा.

सुधाकरने भुवया चढवून माझ्याकडे पाहिलं. मी चेकबुक उचललं आणि कपाटात टाकलं. तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला आणि मावशींशी तेवढंही नाही. पैसे बँकेत मुदत ठेवीत गेले. दिवाळीनंतर कंपनीच्या कचेरीला कुलूप दिसलं. प्रकाशचे पैसे गेले. वर्षभराने तो आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाही भरलेत ते बरं झालं. तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?" त्याला मी चहाबरोबर उपमाही दिला.

दोन वर्षांनी सुधाकरची छाती दुखायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या करून बायपास सांगितली, लवकर करा म्हणाले. सुधाकरचं म्हणणं, मुलीची बारावी होऊ दे. बँकेतले साहेबही भले माणूस. मी ठेव मोडायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, महिनाभर थांबलात तर व्याज पूर्ण मिळेल." माझ्याही मनात ते व्याज घोळायला लागलं. घरी येऊन मावशींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी तवा खाली उतरवला, हात धुतले आणि आमच्या घरात जाऊन सुधाकरसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे सडतंय. हे नाय थांबत." मग माझ्याकडे वळून, "उठ माय, बँक बंद होईल."

ठेव मोडली. मुलीने बारावीचा अभ्यास दवाखान्याच्या बाकावर केला. सुधाकर आज रोज सकाळी चालायला जातो आणि आल्यावर चहात साखर कमी म्हणून कुरकुरतो. मला ती कुरकुर चालते.

काका गेल्यावर मावशी ज्ञानेश्वरकडे देवळ्याला राहायला गेल्या. येते, येते म्हणत मी दोनदाच गेले. शाळेचं काहीतरी निघायचं.

त्या रविवारी कांदे निवडून होत आले तेव्हा ढिगाच्या तळाशी एक हाताला लागला. वरून लालबुंद, आणि दाबला तर अंगठा आत गेला. तो टाकून दिला, हात धुतले आणि मुख्याध्यापकांना फोन लावून उद्याची रजा मागितली. त्यांनी विचारलं, गुरुवारी नाही का जमणार. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सटाणा गाडीने निघाले. देवळ्याच्या स्टँडवर मेथीची एक जुडी घेतली. सकाळ होती, तरी भाव केला नाही. मावशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड डावीकडे थोडं ओढलं होतं, नजर होती तशीच. आधी पिशवीतली मेथी पाहिली, मग मला.

"शाळा बुडवून आलीस? एवढी घाई काय शे, माय?"

मी खाटेच्या कडेला बसले, जुडी सोडली आणि मेथी निवडायला घेतली.