जिभेने काढलेला मोतीबिंदू

काही वर्षांपूर्वीचा, होळीनंतरचा शनिवार. हजर आई, वहिनी आणि मी. तंबाखूचा वास आला की खापर गावातली ती ओसरी आठवते. आईचा एकच डोळा शाबूत होता, त्यातही मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये नजर जाऊही शकते, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून वहिनीने जिभेने डोळे साफ करणारी तिथली एक बाई शोधली. बाईने गालातली तंबाखू थुंकली, आईची पापणी ओढली आणि थेट बुबुळावर जीभ फिरवली. मग तळहातावर थुंकून तिने पांढरा कण दाखवला, "निंघना मोतीबिंदू!" तो चक्क भाताचा होता. "मावशी, भात खाईसन उनी का तू?" भात खाऊन आलीस का, असं मी त्या बाईला विचारलं. "चूप बस! माले उजेड दिसस," लाळेने ओला डोळा पुसत आई माझ्यावरच खेकसली. आता ती मला आवाजावरून ओळखते, आणि ऑपरेशनची तारीख घ्यायची अजून राहिलीच आहे.