साडूभाऊंची अळंबी

माझे साडू अळंबीतज्ज्ञ झाले ते एका रविवारी, घरबसल्या, दोन तासांत. प्रमाणपत्र मोबाईलवर आलं. त्याची प्रिंट काढून त्यांनी मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर चिकटवली. आतल्या भाज्यांनाही वचक बसावा.

भाद्रपदात पाऊस ओसरला तसे ते मला आंबिवलीपलीकडच्या रानात घेऊन गेले. बायका हुशार, त्या मानपाड्यालाच थांबल्या. रानात एका वारुळापाशी एक ठाकर बाई टोकदार, बारक्या अळंब्या हलक्या हाताने उपटून पानावर ठेवत होती. शिकलेला माणूस अडाण्याकडे पाहतो तसं साडूभाऊंनी तिच्याकडे मायेने पाहिलं आणि पुढे जाऊन गवतातल्या ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या खुडल्या. फोटो बघून मोबाईलने त्यांना 'खाण्यायोग्य' असा शेरा दिला होता.

बाई उठून आली. म्हणाली, ही घेऊ नका, आमच्यात कुणी खात नाही. साडूभाऊंनी तिला दहा मिनिटं लॅटिन नावं ऐकवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही ही खाल्लीय का कधी?"

"अजून नाही."

"मग आज एकट्यानेच खा. पोराबाळांना घालू नका."

एवढं बोलून ती वारुळाकडे वळली. परतीच्या रिक्षात साडूभाऊ पारंपरिक ज्ञानाच्या मर्यादांवर बोलत होते.

दुपारी त्यांनी स्वतः ओलं खोबरं, लसूण, गरम मसाला घालून रस्सा केला. वास अप्रतिम होता, हे मान्य करायला हवं. मी बाईचं बोलणं बायकोच्या कानावर घातलं, तिने बहिणीच्या. लगेच बायकोला उपवास आठवला, मेव्हणीला पित्त झालं. माझं पोट तर आंबिवलीपासूनच भरलेलं. आमच्या भित्रेपणावर छोटंसं भाषण करून साडूभाऊंनी दोन वाट्या रस्सा संपवला.

चहाच्या वेळी ते बाथरूममधून बाहेर येईनात. जिना उतरताना त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं. हॉस्पिटलमध्ये सलाईन लागलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, ही अळंबी ओळखली कुणी? साडूभाऊ डोळे मिटूनच म्हणाले, "मीच." त्या माणसाच्या तोंडून इतकं छोटं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन दिवसांनी सुटका झाली. घरी पोचल्यावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून वाचलो."

घरातल्या सगळ्यांना मी सावध केलं होतं, त्यांना सोडून. ताटावर बसलेल्या माणसाचा हात धरणं काही अवघड नव्हतं. पण गेली पंधरा वर्षं मी त्यांचं नेहमीच बरोबर ठरणं सोसत आलेलो, आणि एकदा तरी ते चुकलेले मला बघायचे होते. बघितले. मजा मात्र आली नाही.