गावदेवीच्या आधी नवरदेव

जयवंती टेस्टमध्ये नापास झाली. आमच्या डिपार्टमेंटमधली सगळ्यात तीक्ष्ण नजर तिची, आणि तिनेच काचेचे कण सोडले!

बोईसरच्या एका औषध कंपनीत मी इन्स्पेक्शन सुपरवायझर आहे. इंजेक्शनची छोटी काचेची बाटली, म्हणजे अँप्युल, उजेडात धरायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्या पाटीसमोर बघायची, मग पांढऱ्या. काळ्यावर काच चमकते, पांढऱ्यावर तंतू दिसतो. एक कण सुटला तर तो कुणाच्या तरी शिरेत जाणार. म्हणून मधूनमधून टेस्ट घेतो. चांगल्या अँप्युलमध्ये मुद्दाम खराब मिसळायच्या आणि कोण किती पकडतं ते बघायचं. दुसऱ्यांदा नापास झालं की खुर्ची गेली. पॅकिंगला जागा नव्हती, म्हणजे जयवंती थेट घरी. आणि घरात कमावणारी ती एकटी.

तिने तपासलेला माल पुन्हा तपासून घेतला. तिचे डोळे तपासले, ठणठणीत.

"वय झालं असेल बाईंचं," प्लांट हेड म्हणाले.

"साहेब, चाळिशी म्हणजे वय? मग आपल्या दोघांना कधीच काढायला हवं होतं!"

ते हसले, पण दुसऱ्या टेस्टची तारीख काही पुढे ढकलली नाही.

मी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. हॉलमध्ये गाणी चालू होती. कंटाळवाण्या कामात बायकांना बरं वाटावं म्हणून एचआरने नुकतेच स्पीकर बसवले होते. पहिल्या टेस्टलाही ते चालूच होते. हिंदी गाणी लागली, जयवंतीचा हात झकास चालला. मग नवापूरच्या एकीने दिलेलं लग्नातलं गाणं लागलं. सगळ्या खूश. जयवंतीचा मास्क मात्र वरखाली व्हायला लागला. आत ओठ हलत होते. मी गुपचूप एक खराब अँप्युल तिच्या ट्रेमध्ये सरकवली. तिने उचलली, फिरवली, आणि चांगल्यात ठेवली.

"जयवंती, आत्ता काय बघितलंस गं?"

ती दचकली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "रागावू नका मॅडम. ती गाण्यातली बाय चुकीचं गाते."

"म्हणजे?"

जयवंती सातपाटीची. लग्नात विधींची गाणी म्हणणारी धवलारीण. तिने सुरुवात केल्याशिवाय तिकडे हळद लागत नाही.

"गावदेवीला बोलावल्याबिगर तिने नवऱ्याला पाटावर बसवला. असं चालतं काय? मंग मीच मनात बोलावते."

"दर वेळेला?"

"मंग? ती दर वेळेला चुकते ना!"

हसावं की रडावं कळेना. एवढ्यासाठी बाईची नोकरी चालली होती!

मी तडक ऑफिसात गेले आणि हॉलमधले स्पीकर बंद करायला सांगितले. एचआरमधला मुलगा गोंधळला. "पण मॅडम, बाकीच्यांना आवडतंय. रिझल्टही बरे आहेत."

"अरे, बाकीच्यांना ते गाणं आहे. तिला ते काम आहे. तिथे बसून ती एका वेळी दोन नोकऱ्या करतेय."

शेजारी बसलेले प्लांट हेड म्हणाले, "ठीक आहे. स्पीकर बंद ठेवून टेस्ट घ्या. पण नापास झाली, तर पुन्हा तिची बाजू घेऊन यायचं नाही."

टेस्टच्या दिवशी मी बाहेर उभी होते. काचेपलीकडे जयवंती एकेक अँप्युल फिरवत होती. काळी पाटी, पांढरी पाटी. मास्क जागचा हलला नाही. मिसळलेल्या सगळ्या खराब तिने वेगळ्या काढल्या. मला भडभडून आलं. जयवंती म्हणाली, "मॅडम, तुमी कशाला रडता? पास मी झालेय."

स्पीकर आता कॅन्टीनमध्ये आहेत. तिथे ते गाणं लागलं की जयवंती घास खाली ठेवते, मोठ्याने गावदेवीला बोलावते, आणि मगच नवऱ्याला पाटावर बसू देते.

हॉलमध्ये परत गाणी लावायची झाली तर कुठली लावू, असं एचआरवाल्याने परवा विचारलं. मी म्हटलं, "तिथे बसणाऱ्या एकीलाही येत नसतील अशी."