मी न बघितलेला वॉर्ड

या धाग्यावरचे भुताटकीचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात एकेकाची चिरफाड करते. कुणाची झोप झालेली नसते, कुणाला ताप असतो, कुणी सरळसरळ थापा मारत असतं. माझं कामच ते आहे — सॉफ्टवेअर टेस्टिंग. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही, ती मी 'युजरचा भ्रम' असा शेरा मारून बंद करते. भूतखेत, करणी, दृष्ट... काही मानत नाही. सासूबाईंनी कुरिअरने पाठवलेला काळा दोरा अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे. म्हणूनच हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय. पण वर्ष होत आलं, डोक्यातून जात नाही, तेव्हा लिहून मोकळी होते.

आम्ही चंडीगडला सेक्टर ४४ मध्ये राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण, गुरमीत आंटी. नवरा निखिल सरकारी बँकेत आहे, बदली होऊन इथे आला. मी मोहालीच्या एका कंपनीत. माहेर इस्लामपूरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चेला जागाच नसते. आठव्यात जायचं, आईने डिंकाचे लाडू करायचे, शेकशेगडी, सगळं ठरलेलं होतं. पण सातव्यात माझं बीपी वाढलं, हातपाय सुजले आणि डॉक्टर म्हणाल्या, "ट्रैवल बिलकुल नहीं. डिलिव्हरी यहीं होगी." म्हणजे आता आईनेच इकडे यायचं.

त्या हॉस्पिटलमध्ये शनिवारी सकाळी गरोदर बायकांचे क्लास असायचे. श्वास कसा घ्यायचा, कळा खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं, नवऱ्याने काय करायचं आणि काय बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांना मॅटर्निटी वॉर्डात फिरवून आणायचे. लेबर रूम, ऑपरेशन थिएटरचं दार, बाळांची काचेची खोली. ऑफिसातली जसलीन तिच्या वेळी जाऊन आली होती. "तू जा यार. एक बार देख लिया ना, तो डर आधा हो जाता है," असं ती मला रोज सांगायची.

माझं उलटं होतं. मला वाटायचं, बघितलं तर दुप्पट होईल. ते टेबल, ते दिवे एकदा डोळ्यांत शिरले की रात्रंदिवस तेच दिसणार. पण नाही बघितलं तरी मन जे रंगवतं ते काय कमी असतं? मी नाव नोंदवायचे, रद्द करायचे, परत नोंदवायचे. निखिल बिचारा "तू ठरव" एवढंच म्हणायचा आणि त्याचाही मला राग यायचा.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाळंतपणाचा कसला गं क्लास? आम्ही काय शाळा शिकून बाळंत झालो? आणि ती खोली आधी बघू नये बाई."

"का बघू नये?"

"नाही बघत. पोटुशीने चांगलं बघावं, चांगलं ऐकावं."

"बरं, तुझ्या वेळी कसं झालं होतं ते तरी सांग."

"झालं की. सगळ्यांचं होतं तसं. सीझर झालं, तू झालीस. पाणी आलंय, ठेवते."

हा प्रश्न मी त्या काही महिन्यांत कितीदा विचारला असेन. दर वेळी आईकडे पाणी तरी यायचं, नाहीतर दूध उतू जायचं. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला ऑपरेशनच्या वेळी, भूल देताना काही त्रास झालाय का? मी ठणकावून सांगितलं, नाही. मला माहीत होतं तेच सांगितलं.

तर तो शनिवार. मी आंघोळ करून तयार झाले. निखिल गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. मी पलंगाच्या कडेला एक सँडल घालून बसले होते आणि दुसरं पायात घालवेना. शेवटी म्हटलं, "नको. नाही जायचं मला." निखिल किल्ली खुंटीला लावून पोहे करायला गेला. ती सगळी सकाळ मी घरात होते. पोहे खाल्ले, आईला फोन करून सांगितलं की जात नाही, मग रडून झोपले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मी गेले नव्हते. साक्षीदार आहे.

डिसेंबर संपत आला. इकडचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल — समोरच्या घराचं गेटसुद्धा दिसत नाही. आईचं पुण्याहून विमान होतं, ते रद्द झालं. दुसऱ्या दिवशीचंही रद्द. त्याच दुपारी मी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती, आणि पोट एकदम दगडासारखं कडक झालं. उठले तर रक्त. निखिल बँकेत. मी जिन्यातूनच हाक मारली. गुरमीत आंटी गॅसवरची सरसोंची भाजी तशीच सोडून धावत आल्या, मला गाडीत बसवलं आणि त्या धुक्यात हॉर्न वाजवत नेलं. "कुछ नहीं होना पुत्तर, तू बस मेरे से बात करती रह," असं म्हणत होत्या.

बाळाची वार, म्हणजे प्लॅसेंटा, आतून सुटायला लागली होती. बाळाचे ठोके उतरत होते. सगळं इतक्या घाईत झालं की मला फक्त तुकडे आठवतात. ज्या खोलीला मी दोन महिने घाबरले होते, त्या खोलीत मी आडवी होते. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, पाठीत इंजेक्शन द्यायला वेळ नाही, पूर्ण झोपवूया. मास्क तोंडाजवळ आला.

तेवढ्यात कडेची एक सिस्टर म्हणाली, "मैडम, रुकिए. ये टूर वाली हैं. इनको सुलाने वाली दवा नहीं देनी. पहले दी थी तो तेज़ बुखार चढ़ गया था, शरीर अकड़ गया था. बर्फ़ में रखना पड़ा था."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी वाकून मला विचारलं, "सच है? आपको पहले हुआ है ऐसा?"

मंडळी, माझं आयुष्यात कधी ऑपरेशन झालेलं नाही. मला बर्फात कुणी ठेवलेलं नाही. मी टूरला गेले नव्हते. खरं उत्तर एकच होतं — नाही, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. एका एका क्षणाने बाळ हातचं जात होतं, आणि मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

का हलवली, मला माहीत नाही. घाबरून म्हणाल तर त्या वेळी मी भीतीच्याही पलीकडे गेले होते. पुढे त्याच सिस्टरने मला घट्ट धरून पुढे वाकवलं, पाठीत सुई गेली, आणि मी जागी असताना माझी मुलगी जन्मली. आधी काहीच आवाज नाही. तेवढ्या वेळात, ती रडली नाही तर त्याला माझी खोटी मान जबाबदार असेल, हे मला स्वच्छ कळत होतं. मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टर ड्युटीवर आली. तिचं नाव हरप्रीत. मी आभार मानले आणि म्हटलं, पण त्या शनिवारी नाव नोंदवूनही मी तुमच्या टूरला आलेच नव्हते.

ती हसली. "आयी थीं दीदी. सबसे पीछे खड़ी थीं, अकेली, पेट पूरे दिनों का. हरी साड़ी, हाथ भर के हरी काँच की चूड़ियाँ. हमारे यहाँ लाल पहनते हैं, इसलिए याद रह गया."

सुजेमुळे मला महिनाभर साधं कडंही घालता येत नव्हतं. डोहाळजेवणालाही मी बांगड्या भरल्या नव्हत्या. तिला म्हटलं, काय बोलली ती बाई, नीट आठवून सांगा.

"सब लोग निकल गये तो आपने मेरा हाथ पकड़ लिया. बोलीं, वो नींद की सुई हमको चलती नहीं. मेरे को दिया तो ताप चढ़ा, बर्फ के लादी पे रखा. मेरे लड़की को मत देना." हरप्रीत थोडी अडखळली. "मैंने सोचा हिंदी कच्ची है, अपनी ही बात कर रही होंगी. पर आज तो आप साफ़ बोल रही हो."

माझं हिंदी अगदी चोख आहे. नोकरीच त्यावर चालते.

निखिलने लगेच निकाल लावला की दुसरी कुणीतरी मराठी बाई असणार. त्याने इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर चौकशी केली. जवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या फौजी कुटुंबांतही विचारून झालं. त्या दिवसांत दुसरी कुणी गरोदर असल्याचं कुणाला माहीत नव्हतं. तरी तो म्हणतो, ग्रुपवर नसलेली असेल. असू शकते. मीही तेच म्हणाले असते.

धुकं जरा उठल्यावर आई थेट हॉस्पिटलमध्ये पोचली. बाळाला घेतलं, दृष्ट काढली, मी काढू दिली. मग विचारलं, "आई, मी झाले तेव्हा तुला बर्फात ठेवलं होतं का?"

आईचा चेहरा मी विसरणार नाही. बाळ माझ्याकडे देऊन ती स्टुलावर बसली. "तुला कुणी सांगितलं? तुझ्या बाबांनी?"

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. माझ्याशी ते या विषयावर कधी बोलले नव्हते.

मग ती बोलली. भूल दिली तशी तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप डोक्यात चढला. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांनी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून तिच्या दोन्ही बाजूंना लावल्या. ती कशी वाचली ते कुणालाच कळलं नाही. इथल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांना मी हे सांगितलं. काही घराण्यांत हा दोष असतो, आईकडून मुलीकडे येऊ शकतो, म्हणाल्या. त्यावरचं औषध लगेच मिळेलच असं नसतं.

"मला का नाही सांगितलंस? मी किती वेळा विचारलं."

"गर्भारशीच्या कानावर असलं घालत नाहीत गं. आधीच तू भित्री. म्हटलं, भीतीने काही व्हायला नको." आई पदराने डोळे पुसत होती. "त्या शनिवारी तू फोनवर सांगितलंस ना, क्लासला जात नाही म्हणून... सकाळभर मी देवापुढे बसून होते. सांगू का नको, सांगू का नको. अगदी ओठावर आलं होतं. परत गिळलं."

मला तिचा भयंकर राग आला. आणि तिला मिठी मारून मी रडलेही. दोन्ही एकदम झालं.

हे चालू असतानाच हरप्रीत औषध द्यायला आली होती आणि दाराशीच थांबली होती. तिला मराठी कळत नाही. ती एकटक आईकडे बघत होती. मग तिने विचारलं, "माताजी, आप पहले आयी हैं यहाँ?"

"नई बाई," आई म्हणाली, "मेरे को तो चंडीगड पैली बार है."

हरप्रीत औषधाची वाटी तिथेच ठेवून बाहेर गेली. घरी जायच्या दिवशी मला एकटीला गाठून हळूच म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना. उस दिन शक्ल आपकी थी. आवाज़ माताजी की थी."

मी दिसायला हुबेहूब आईसारखी आहे. तिचे तरुणपणचे फोटो दाखवले तर लोक मलाच समजतात. यावर माझ्या टेस्टरच्या डोक्याने पुष्कळ आकडेमोड केली. ती आई होती म्हणावं, तर पोटुशी असताना तिला पुढे भूल बाधणार हे कुठून ठाऊक? आणि मुलगी होणार हे? ती दुसरीच कुणी होती म्हणावं, तर बर्फाच्या लाद्या? आणि मी मान का हलवली? निखिल म्हणतो, लहानपणी कधीतरी कानावर पडलं असेल, ते आत कुठेतरी राहिलं असेल. माझी मान का हलली ते त्याने कळेल. हरप्रीतचं काय करायचं?

आई आता नात्यातल्या प्रत्येक गरोदर मुलीला फोन करून बर्फाची गोष्ट सांगते. लोक वैतागतात, कशाला घाबरवता म्हणतात. ती ऐकत नाही. मीही जसलीनसारखी झाले आहे — ऑफिसातल्या मुलींना म्हणते, जाऊन बघून या.

यावर कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, अगदी साधं असलं तरी चालेल. फक्त एक विचार मला कधीकधी बाळाला पाजताना येतो. वॉर्ड बघायला आलेली ती हिरव्या बांगड्यांची बाई खरंच आई असेल, तर तिचे दिवस भरत आलेले होते. तिच्या पोटात मी होते.