मास्तरांचा राहून गेलेला विनोद

नाट्यगृहात फरशी पुसणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत, आणि मावशी हसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी नवरा तिला फौजदार म्हणायचा. तरीही मास्तर आपले नवे विनोद आधी तिलाच ऐकवत.

मास्तर सकाळी शाळेत भूगोल शिकवत आणि दर शुक्रवारी संध्याकाळी एकटे रंगमंचावर उभे राहून तासभर लोकांना हसवत. बुधवारी दुपारी रिकाम्या सभागृहात त्यांची तालीम असे. ते वर बोलत, मावशी खाली खुर्च्यांच्या ओळी पुसत जाई. तिचा हात थांबला तर विनोद पास. नाही थांबला तर मास्तर वहीत काट मारत. "तिकीट काढून आलेला माणूस कशालाही हसतो," ते म्हणत. "मावशी थांबली तर खरं." अशी अकरा वर्षं गेली.

मग मास्तर आजारी पडले आणि आजारावरच विनोद करू लागले. त्यातला एक काही केल्या जमेना. आधी त्यात दवाखान्याची लिफ्ट होती, एक रागीट नर्स होती, हरवलेली फाईल होती. दर बुधवारी मावशीचा हात चालूच राही आणि मास्तर एकेक गोष्ट काढून टाकत. नवव्या बुधवारी उरलं ते एवढंच :

"डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावून सांगितलं, आता उपाय नाही. ताई आत आली. डोळे पुसले. म्हणाली, 'तरी मी सांगत होते, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस.' मला वीस वर्षं टक्कल आहे."

मावशीचा हात थांबला. तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. मास्तरांनी वही मिटली. "झाला एकदाचा. परवा सांगतो. लोकांपुढे सांगेपर्यंत नुसत्या कळा, मावशी, बाळ नव्हे."

दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत.

महिन्याभरानं नाट्यगृहात त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम ठरला. मावशी मॅनेजरच्या खोलीत गेली आणि मंचावर दोन मिनिटं मागितली. मॅनेजरला आधी गंमत वाटली. विनोद ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. ताई पहिल्या रांगेत बसणार आणि तिच्यादेखत तिच्या भावाच्या मरणावर विनोद? ते काही शोभणार नाही. फार तर लिहून द्या, मास्तरांचे विनोद म्हणून दाखवायला एक कलाकार बोलावलाय, तो बघेल. मावशीनं लिहून दिलं नाही. त्या कलाकाराची तालीम तिनं ऐकली होती. ताईचं वाक्य आलं की तो आवाज बारीक करायचा. मास्तरांनी ताईची नक्कल कधीच केली नव्हती. ताईवरचे विनोद ते वर्षानुवर्षं सांगत आणि ताई दर वेळी तिकीट काढून ऐकायला येई.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मावशीनं सराव सुरू केला. सून भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, छान आहे, पण ऐकून वाईट वाटलं." नवऱ्यानं विचारलं, विनोद सांगतेस की समन्स बजावतेस? दुसऱ्या दिवशी तिनं भरभर सांगून पाहिला. तिसऱ्या दिवशी हसून सांगितला, तर नवरा म्हणाला, दाढ दुखतेय का? चौथ्या दिवशी ती आपल्या नेहमीच्या चेहऱ्यावर परत आली. पण शेवट बसेना. 'मला टक्कल आहे' असं तिला म्हणता येईना, आणि 'मास्तरांना टक्कल होतं' हे चपलेत खडा आल्यासारखं टोचे.

"सोडून दे," नवरा समजुतीनं म्हणाला. "मोठमोठी माणसं असणार. फजिती होईल."

"होऊ दे. माझी एकटीची होईल," मावशी म्हणाली. "मी नाही सांगितला तर तो कुणीच सांगणार नाही."

कार्यक्रमात पाच जण बोलले. प्रत्येकानं एकेक पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. कलाकारानं म्हणून दाखवलेल्या विनोदांना लोकांनी हलक्या टाळ्या दिल्या, जणू शेजारी कुणी झोपलं होतं. हसलं कुणीच नाही. वक्त्यांचं पाणी बदलायचं काम मावशीकडे होतं. पाचवा वक्ता उतरल्यावर तिनं भरलेला ग्लास नेऊन ठेवला आणि ती माइकपाशीच उभी राहिली. मॅनेजर पडद्याआडून हात हलवू लागला. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"मी इथली फरशी पुसते. मास्तरांचा एक विनोद राहून गेलाय. तो सांगते आणि जाते."

तिनं समन्स बजावावं तसंच सांगितलं. डॉक्टर, ताई, डोळे पुसणं. ओल्या केसांपर्यंत आली आणि खडा टोचायची वेळ झाली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्या डोक्यावरून मागे बघताहेत. मागे मास्तरांचा भिंतभर फोटो होता आणि दिव्याच्या उजेडात ते डोकं लखलखत होतं. मावशीनं तोंड मिटलं.

पंख्यांची घरघर ऐकू आली. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू एकेक ओळ ओलांडत पुढे आलं. मॅनेजरनं तोंडावर फाईल धरली. मावशीचं लक्ष मात्र एकाच खुर्चीकडे होतं. ताई हसत नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली तसं हसू थांबलं.

"मग? टक्कल पडायच्या आधीपासून सांगत होते मी," ताई म्हणाली. "तेव्हा तरी कुठे ऐकलं त्यानं?"

आता हसू आवरेना. ताईनं आधी गोंधळून आजूबाजूला पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि खाली बसत मावशीलाच विचारलं, "माझ्या माघारी आणखी काय काय बोलायचा माझ्याबद्दल?"

एकच सांगून जायचं ठरलं होतं. मावशी वक्त्यांच्या ग्लासातलं घोटभर पाणी प्याली आणि तिनं दुसरा सांगायला घेतला.